शेतीचं अर्थशास्त्र शिकायला हिंगणीतून कुठे जायचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या खिशाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने कापसाचा हमीभाव जाहीर केला : मध्यम धागा ७७१० रुपये, लांब धागा ८११० रुपये. सोयाबीन ५३२८. तूर ८०००. हे आकडे आपल्याकडे पानठेल्यावर बसलेल्या पोरालाही पाठ आहेत. भाव कमी आहे, हेही सगळ्यांना पाठ आहे. पण हा ७७१० आला कुठून, हे हिंगणी, बोरधरण, घोराड, केळझर या पट्ट्यात किती जण सांगू शकतील?

उत्तर अवघड नाही. दिल्लीत कृषी खर्च व मूल्य आयोग नावाची संस्था आहे. १९६५ मध्ये ती कृषी मूल्य आयोग म्हणून सुरू झाली, १९८५ मध्ये नाव बदललं. या आयोगाने मध्यम धाग्याच्या कापसाचा उत्पादन खर्च देशभराची सरासरी काढून क्विंटलला ५१४० रुपये धरला. त्याची दीडपट म्हणजे ७७१०. संपलं.

आता खरा प्रश्न. ५१४० मध्ये काय धरलं आणि काय सोडलं? आपल्या पोरांनी हे शिकायचं कुठे?

मी गेली वीसेक वर्षं या तालुक्याच्या बातम्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर पत्रकारितेची पदविका. रास्ता रोको झाला की फोटो, निवेदन दिलं की चार ओळी, भाव पडला की मथळा. निवेदनात दरवर्षी तीच मागणी असते, 'उत्पादन खर्चावर आधारित भाव द्या.' दोन वर्षांपूर्वी एका निवेदनाच्या वेळी तहसील कार्यालयातल्या एका साहेबाने सहज विचारलं, "तुमचा उत्पादन खर्च किती येतो?" समोर तीसेक शेतकरी होते. कोणी पाच हजार म्हणालं, कोणी नऊ, कोणी म्हणालं, "साहेब, खर्च का सांगाव, लागते तेवढा लागते." साहेब हसले, निवेदन फाईलला लागलं. लोक खोटं बोलत नव्हते. प्रत्येकाने खर्च केलेलाच होता. वही मात्र एकाकडेही नव्हती.

ते पाहून मी मुक्त शिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रात कृषी पदविकेला नाव घातलं. वय पंचेचाळीस. त्यात कृषी अर्थशास्त्र हा एक विषय होता, आणि मी गेलो होतो तो त्या एका विषयासाठीच. रविवारी संपर्क सत्र. सकाळची एसटी पकडायची, दुपारपर्यंत वर्ग, संध्याकाळी परत. वर्गात आम्ही चौदा जण. बचत गट चालवणारी एक ताई, कृषी केंद्राच्या दुकानात काम करणारे दोघे, एका सालदाराचा मुलगा, आणि बाकी बहुतेक जण पदोन्नतीसाठी किंवा परवान्यासाठी कागद पाहिजे म्हणून आलेले. शिकवणारे सर पंचविशीतले, स्वतः बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते. मन लावून शिकवायचे. पण पुस्तकातलं मराठी असं, की 'सीमांत उपयोगिता ऱ्हास' वाचून सालदाराचा मुलगा म्हणाला, "सर, हे आपल्या भाषेत काय हाय?" सरांनी सांगितलं, पहिली भाकर आणि पाचवी भाकर यातला फरक. सगळ्यांना एका मिनिटात कळलं. म्हणजे विषय अवघड नव्हता, सांगणारा जवळचा पाहिजे होता.

गृहपाठात एका पिकाचा खर्च मांडायचा होता. मी आमच्या घरच्या पऱ्हाटीचा मांडला. एक एकर, २०२४ चा खरीप. जसाच्या तसा देतो. हा एका घरचा हिशेब आहे, तुमचा वेगळा असेल.

मशागत, ट्रॅक्टर धरून : ३५०० रुपये.
बियाणे, बीटीची दोन पाकिटं, ८६४ प्रमाणे : १७२८.
खत : ५२००.
फवारणीचं औषध : ४५००.
निंदण, डवरणीची बाहेरची मजुरी : ५०००.
वेचणी, सात क्विंटल, किलोला १० रुपये : ७०००.
गाडीभाडं, हमाली : १२००.
एकूण : २८,१२८.

कापूस सात क्विंटल झाला. आम्ही तो खेडा खरेदीत ७००० ने दिला, कारण मजुरांचे पैसे थकले होते आणि सरकारी खरेदीच्या रांगेत थांबायला वेळ नव्हता. आले ४९,०००. वजा जाता उरले २०,८७२.

बाबा म्हणाले, "बरा सुटला ना मंग. एकरी वीस हजार कमी हाय का?"

आतापर्यंत मांडलं त्याला अर्थशास्त्रात 'ए-टू' खर्च म्हणतात. खिशातून रोख गेलेला पैसा. आमचा ए-टू आला क्विंटलला ४०१८ रुपये. पण पुस्तकात पुढचा रकाना होता, 'कुटुंबाची मजुरी'. तो भरायला मी आईला विचारलं, पऱ्हाटीत किती दिवस गेलीस? आई आणि माझी बायको दोघी बसून आठवायला लागल्या. खाडे भरणं, पहिलं निंदण, दुसरं निंदण, खत टाकणं, शेवटची सीतादही झाल्यावरची वेचणी. तीस दिवस भरले. आई म्हणाली, "इतके वर्स झाले, हे मले कोनी पुसलंच नाई." माझे आणि बाबांचे मिळून बावीस दिवस. गावातला रोज बाईला २५०, माणसाला ४००. म्हणजे ७५०० अधिक ८८००, एकूण १६,३००.

वीस हजारातून हे काढा. उरतात ४५७२ रुपये. हा झाला 'ए-टू अधिक एफएल', एफएल म्हणजे घरची मजुरी. आमचा आकडा आला क्विंटलला ६३४७. सरकार दीडपट करतं ती या खर्चाची, पण देशाच्या सरासरीवर.

पुढचा रकाना, स्वतःच्या जमिनीचा खंड. तेच वावर ठेक्याने दिलं असतं तर आमच्या शिवारात बारा हजार आले असते. ते धरले की एकरी ७४२८ रुपये तोटा. खर्च क्विंटलला ८०६१. स्वतःच्या भांडवलावरचं व्याज तर मी अजून धरलंच नाही. ते धरलं की होतो 'सी-टू'. शेतकरी संघटना आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षं जो वाद चालतो तो एवढाच आहे, की दीडपट कशाची? २००४ मध्ये नेमलेल्या स्वामिनाथन आयोगाने खर्चावर किमान ५० टक्के जास्त भाव द्यावा असं म्हटलं. संघटना म्हणतात तो खर्च सी-टू धरा. सरकार धरतं ए-टू अधिक एफएल. टीव्हीवर यावर तासभर भांडण चालते आणि आपण नुसतं बघत बसतो, कारण त्या तीन अक्षरांचा अर्थ आपल्याला कोणी सांगितलेला नसतो.

वही भरताना आणखी दोन गोष्टी दिसल्या, त्या पुस्तकात नव्हत्या.

एक. बाईचा रोज २५० धरला म्हणून आमचा खर्च कमी दिसला. दोघी माणसांच्या बरोबरीने राबल्या, त्यांचा रोजही ४०० धरला तर ४५०० रुपये वाढतात. क्विंटलला ६४३ रुपये. म्हणजे बाईला कमी रोज देण्याची आपली सवय आपल्याच कापसाचा खर्च कागदावर कमी करते. हे मला कोणत्या भाषणात ऐकायला मिळालं नव्हतं, वहीत दिसलं.

दोन. जागल. बोर अभयारण्य १९७० चं, व्याघ्र प्रकल्प झाला २०१४ मध्ये. हिंगणीच्या बाजूला ज्याचं वावर आहे त्याला रानडुक्कर आणि रोही काय करतात हे सांगायची गरज नाही. मचाणीवर किती रात्री जातात? वहीत जागलीचा रकानाच नव्हता. पुस्तक लिहिणाऱ्याच्या शिवारात डुकरं येत नसतील. आपल्या भागाचं शेतीचं अर्थशास्त्र शिकवायचं तर तो रकाना आपल्यालाच पाडावा लागेल. म्हणूनच म्हणतो, हा विषय गावाजवळ शिकवला पाहिजे.

खर्चाचं झालं. आता भावाचं घ्या. व्यापारी भाव सांगतो तेव्हा तो मनात एक गणित करतो, ते गणित आपल्याला येत नाही. एक क्विंटल कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईचा भाव खंडीत सांगतात, एक खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा खंडीचा भाव ५५,००० आहे. किलोला झाले १५४ रुपये ४९ पैसे. ३४ किलोचे ५२५३. सरकी ६३ किलो, ३५ रुपयाने २२०५. बेरीज ७४५८. यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याची कमाई वजा करा. जे उरतं तो तुमच्या कापसाचा भाव. आकडे उदाहरणाचे आहेत, पण रीत हीच. खंडीचा आणि सरकीचा भाव रोज मोबाईलवर दिसतो. हे गणित दहावीच्या पोराला एका संध्याकाळी शिकवता येते. त्यानंतर खेडा खरेदीवाला सात हजार म्हणाला तर पोरगा निदान विचारेल तरी, "सरकी काय भाव धरली भाऊ?"

ओलाव्याचंही तेच. सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते, १२ च्या वर घेत नाही. सकाळच्या दवात वेचलेला कापूस त्याच दिवशी गाडीत भरला तर पैसे कुठे गेले हे केंद्रावर नाही, घरीच कळायला पाहिजे.

भाव पडायची कारणं सेलूच्या यार्डात कमी आणि बाहेर जास्त असतात. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपली वेचणी कधी असते? दसरा-दिवाळीपासून. त्या निर्णयाची बातमी मी लिहिली. गावात किती जणांनी ती आपल्या बोंडांशी जोडली? सोयाबीनच्या वायद्यांवर डिसेंबर २०२१ मध्ये बंदी आली. वायदा म्हणजे काय, तो असल्याने फायदा की नुकसान, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. पण मत द्यायला आधी वायदा म्हणजे काय हे माहीत पाहिजे.

तुरीचं आठवा. २०१५ मध्ये डाळ किलोला दोनशेपर्यंत गेली. पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर खरेदी केंद्रांवर बारदान्याअभावी ट्रॅक्टरच्या रांगा होत्या आणि बाजारात भाव ५०५० च्या हमीभावाखाली होता. आपण म्हणतो नशीब. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला जाळ्याचा सिद्धान्त म्हणतात. गेल्या वर्षीचा भाव बघून यंदा पेरलं की दरवेळी जाळ्यात अडकणं ठरलेलं. शंभर वर्षं जुनी, जगभर शिकवली जाणारी गोष्ट आहे. आपल्याला मात्र ती रांगेत उभं राहून शिकावी लागते.

कोणी म्हणेल, हे सगळं शिकवणारी कृषी विद्यापीठं आहेत ना. आहेत. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं आहे. तिथे कृषी अर्थशास्त्राचा विभाग आहे, चांगली माणसं आहेत. पण तिथे जाणारा पोरगा बारावी सायन्स करून, सीईटी देऊन जातो, इंग्रजीत शिकतो आणि मग एमपीएससीला बसतो किंवा बँकेत जातो. त्यात त्याची काही चूक नाही. पण गावात वावर करायला राहिला तो दहावी-बारावीवाला, आणि त्याच्या घरची बाई, यांच्यासाठी काय? शिकलेला परत येत नाही आणि राहिलेल्याला शिकायला जागा नाही.

नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं ते याच विचाराने. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. कृषिविज्ञानाची वेगळी विद्याशाखा आहे, मराठीत अभ्यासक्रम आहेत. हे मोठं काम आहे. पण गंगा तालुक्यापासून पुढे हिंगणीपर्यंत आणायची तर पाट आपल्याला खोदावा लागेल.

आणि गंमत बघा, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाहीच.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, नई तालीम तिथून निघाली. हाताच्या कामातून शिक्षण. त्याच काळात मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा होते. माणूस तमिळ, लंडनला सनदी लेखापाल झालेला, अमेरिकेत सिराक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकलेला. सार्वजनिक वित्त हा त्यांचा विषय. परत आल्यावर त्यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची पाहणी केली. घरोघरी जाऊन कोणाची कमाई किती, खर्च किती, कर्ज किती. १९३९ मध्ये आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचेही अध्यक्ष होते. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते राहायला आले कुठे? आपल्या सेलडोहला. तिथे त्यांनी पन्नई आश्रम काढला. कोलंबियात शिकलेला अर्थतज्ज्ञ आपल्या तालुक्यात शेती करत होता. आज सेलडोह म्हटलं की लोकांना समृद्धी महामार्ग आठवते.

१९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने तर सरळ ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. आयोगातले आर्थर मॉर्गन हे अमेरिकन सदस्य त्या कल्पनेमागे होते. त्यातून १९५६ मध्ये देशात ग्रामीण संस्था निघाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्यांपैकी एक अमरावतीला, पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेकडे, आणि एक कोल्हापूरकडे गारगोटीला, मौनी विद्यापीठात. तिथे ग्रामीण सेवेची पदविका होती. पण पदवी असेल तरच नोकरी हे ठरलेलं, त्यामुळे हळूहळू या संस्था नेहमीच्या कॉलेजांसारख्या झाल्या. गावासाठी काढलेलं शिक्षण नोकरीच्या मापाने मोजलं की ते मरते, हा त्यातला धडा.

तिसरा माणूस शरद जोशी. पोस्ट खात्यातले अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला नोकरी, ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि खर्च लिहायला बसले. 'उत्पादन खर्चावर आधारित भाव' ही मागणी त्या हिशेबातून आली. आंबेठाणच्या शिबिरांत विदर्भातले किती तरी शेतकरी जाऊन बसले, आपल्या जिल्ह्यातले बिल्लेवाले तर तुम्ही पाहिलेच असतील. त्या शिबिरांना कोणत्या विद्यापीठाची मान्यता नव्हती, पण मराठी शेतकऱ्याला अर्थशास्त्र शिकवणारं तेवढं मोठं कॉलेज दुसरं झालं नाही. कुमारप्पा आणि जोशी यांच्या दिशा उलट. एक ग्रामोद्योगाकडे, दुसरा खुल्या बाजाराकडे. पण सुरुवात दोघांचीही एकाच ठिकाणी, शेतकऱ्याच्या घरच्या वहीपाशी.

बाहेर देशात हे कसं चालते? अमेरिकेत दोन वर्षांची स्थानिक कॉलेजं असतात, कम्युनिटी कॉलेज म्हणतात. फी कमी, घरून जाऊन-येऊन शिकायचं, काम करत करत शिकायचं, वयाची अट नाही. मिनेसोटा राज्यात अशा कॉलेजांत शेतीच्या हिशेबाचा अभ्यासक्रम आहे. शिकवणारा मास्तर शेतकऱ्याच्या घरी जातो, वर्षभर त्याच्याच शेताची वही त्याच्याकडून भरून घेतो आणि वर्षाच्या शेवटी दोघं मिळून ताळेबंद काढतात. विद्यार्थ्याचं शेत हेच त्याचं पाठ्यपुस्तक. त्यांची शेतं शेकडो एकरांची, आपली पाच-सात एकरांची. पण पाच एकरवाल्याला वहीची गरज जास्त आहे, कमी नाही. त्याला चुकायला जागा नसते.

म्हणून माझा प्रस्ताव. मोठा नाही.

हिंगणीत शाळेच्या खोल्या पाचनंतर रिकाम्या असतात. आठवड्यात दोन संध्याकाळी, दीड-दीड तास. जूनमध्ये पेरणीसोबत सुरू, मे महिन्यात ताळेबंद काढून बंद. म्हणजे वर्ग आणि पीक सोबत चालतील. विषय पाच :

१. वही. आपल्या एका पिकाचा पूर्ण खर्च, घरच्या मजुरीसह, जागलीसह. घरातला एक माणूस आणि एक बाई दोघांनी यायचं. एकाच्या डोक्यात अर्धाच हिशेब असतो.

२. भाव. खंडी, सरकी, उतारा, ओलावा. हमीभाव कसा ठरतो. बाजार समितीची पावती कशी वाचायची, काय कापता येते आणि काय नाही. कापसाच्या बाजाराचा कायदा आपल्या वऱ्हाडात १८९७ मध्येच झाला होता, हेही पोरांना कळू द्या.

३. कर्ज. पीककर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की सवलत गेली. आणि उधारीवर औषध घेतलं, महिन्याला शेकडा तीनने, तर वर्षाचे ३६ टक्के होतात. 'शेकडा तीन' ऐकायला लहान वाटते, ३६ वाटत नाही.

४. विमा. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला. खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबियांना दोन टक्के, कापसासारख्या नगदी पिकाला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता. भरपाई आता पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यावर. तो प्रयोग कोणत्या वावरात, कोणत्या दिवशी होतो, तिथे गावातल्या कोणी हजर राहायचं, हे ठरलेलं पाहिजे.

५. पेरा. गेल्या वर्षीचा भाव सोडून आणखी काय बघून पीक निवडायचं. समुद्रपूरकडच्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सेलू-केळझरच्या केळीचं काय झालं, का झालं, यावर एक पूर्ण संध्याकाळ द्यावी.

शिकवणार कोण? गावात बँकेतून निवृत्त झालेले दोघे आहेत, कृषी सहायक आहेत, सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे, वर्ध्यात वाणिज्य शिकवणारे प्राध्यापक आहेत. मी स्वतः वहीचा भाग घ्यायला तयार आहे, फुकट. प्रमाणपत्र मिळणार नाही, हे आधीच सांगतो. कागदासाठी येणाऱ्याने येऊ नये.

काही जण म्हणतील, वही भरून भाव वाढते का? बाबाही तेच म्हणतात, "लिवून ठिवल्यानं कापूस महाग होते का रे?" होत नाही. आयात शुल्क आपल्या वहीला विचारून लागत नाही. पण गावातल्या चाळीस घरांच्या भरलेल्या वह्या घेऊन तहसीलला गेलो, आणि साहेबाने पुन्हा विचारलं की खर्च किती, तर या वेळी तीस तोंडांतून तीस आकडे निघणार नाहीत. एक आकडा निघेल, आणि त्याच्याखाली चाळीस सह्या असतील. त्यात बायांच्याही. निवेदन फाईलला लावताना साहेबाला निदान एकदा वाचावं लागेल.

आणि समजा सरकारने काहीच ऐकलं नाही, तरी घरात एवढं कळेल की कोणत्या धुऱ्याच्या आत पैसा जातो आणि कुठून येतो. पुढच्या वर्षी दोन एकर ठेक्याने घ्यायचं की नाही, पोरीच्या शिक्षणाला कर्ज काढायचं की बैल विकायचा, हे निर्णय आज अंदाजाने होतात. आपल्या जिल्ह्यात अंदाज चुकल्यावर माणसं काय करतात, ते मी वीस वर्षं लिहितो आहे. त्या बातम्यांत कारण म्हणून 'नापिकी व कर्जबाजारीपणा' हे दोन शब्द असतात. नेमकं किती कर्ज, कशाचं, कोणत्या वर्षी सुरू झालं, हे बहुतेक वेळा घरच्यांनाही सांगता येत नाही. वहीने कोणाचा जीव वाचतो असा दावा मी करणार नाही. पण घरातल्या दुसऱ्या माणसाला आकडा माहीत असेल, तर त्यावर बोलणं तरी होते.

येत्या ग्रामसभेत शाळेच्या खोलीसाठी अर्ज देणार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी इनबॉक्समध्ये नाव कळवा, घरातल्या बाईचंही नाव सोबत. सोसायटीच्या किंवा बाजार समितीच्या जुन्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर त्या काढून ठेवा, दहा वर्षांच्या असल्या तरी चालतील. पहिल्या महिन्यात त्याच वाचायच्या आहेत.